ऊसनोंद आणि जीपीएस : हातातले यंत्र व नकाशा कसा निवडावा?



लागणीची नोंद घ्यायला शेतकी विभागाचा माणूस बांधावर यायचा तेव्हा त्याच्या हातात फीत आणि नोंदवही असायची. आता राज्यातल्या अनेक कारखान्यांत त्याच्या हातात मोबाईल किंवा हातसंगणक असतो. तो प्लॉटभोवती एक फेरी मारतो, पडद्यावर आकडा उमटतो आणि नोंद पुरी होते. मग सभासद विचारतात, "साहेब, हे यंत्र आभाळाकडं बघून माझं रान कसं मोजतं? आणि चुकलं तर?"

प्रश्न रास्त आहे. नोंदलेल्या क्षेत्रावरच पुढची सगळी मांडणी उभी असते. हंगामात किती टन ऊस येणार, कोणत्या गटाला किती टोळ्या द्यायच्या, वाहने किती लागणार, खत-बियाण्याची उचल किती बसते, हे सारे त्या एका आकड्यावरून ठरते. आकडा फुगला तर टोळ्यांचे गणित बिघडते. आकडा घटला तर हंगामाच्या शेवटी कुणाचा तरी ऊस फडात उभा राहतो. म्हणून हे यंत्र काय करू शकते, काय करू शकत नाही आणि घ्यायचे झाले तर काय पाहून घ्यावे, याचा हा धडा. हल्ली बऱ्याच सभासदांची मुले स्वतःच मोजणीचे ॲप वापरतात. त्यांनीही तो वाचावा.

१) यंत्राला जागा कशी कळते?

जीपीएस ही अमेरिकेने उभारलेली उपग्रहांची व्यवस्था आहे. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला आणि १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने सुरू झाल्याचे जाहीर झाले. हे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते. उपग्रह सारखा सांगत असतो, "मी अमुक जागी आहे, माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत." आपल्या हातातले यंत्र फक्त ऐकते. ते उपग्रहाला काहीही कळवत नाही.

संदेश निघाल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ लागला, त्यावरून यंत्र अंतर काढते. लहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतात. म्हणजे घड्याळात सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकते! आपल्या मोबाईलमधले घड्याळ काही इतके पक्के नसते. म्हणून जागेसाठी तीन आणि घड्याळाची चूक काढण्यासाठी चौथा, असे निदान चार उपग्रह दिसावे लागतात. जास्त दिसले आणि ते आभाळात चारी बाजूंना पसरलेले असले, तर उत्तर अधिक भरवशाचे येते. सगळे एकाच बाजूला गोळा झालेले असले तर उत्तर डळमळते.

मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे जागा शंभरेक मीटरने चुकायची. ती मिसळ २ मे २००० पासून बंद झाली आणि साधे यंत्रही दहा मीटरच्या आत आले. साध्या यंत्राचा शेतीतला उपयोग त्यानंतर सोपा झाला.

आता आभाळात एकटी अमेरिका नाही. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू आणि आपली नाविक अशा व्यवस्था आहेत. नाविकचा पहिला उपग्रह 'इस्रो'ने जुलै २०१३ मध्ये सोडला. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात भारतात बनवलेले अणुघड्याळ बसवले असून सर्वसाधारण मोबाईलला ऐकता येईल असा एल-१ पट्टाही त्यात आहे. लोक या सगळ्यालाच जीपीएस म्हणतात, आम्हीही पुढे तसेच म्हणणार आहोत.

२) यंत्राचे चार प्रकार

सन २००० च्या सुमारास खिशात मावणारे छोटे संगणक बाजारात आले. कॉम्पॅकचा आयपॅक आणि पाम ही त्यातली गाजलेली नावे. त्यांच्या पोटात जीपीएस नसे. रिसीव्हर वेगळा घ्यायचा, तो खाचेत बसवायचा किंवा तारेने नाहीतर ब्लूटूथने जोडायचा, आणि नकाशाचे सॉफ्टवेअर तिसऱ्याच ठिकाणी विकत घ्यायचे. तिघांचे एकमेकांशी जमावे म्हणून बोटींच्या उपकरणांसाठी ठरलेली 'एनएमईए ०१८३' ही भाषा सगळ्यांनी वापरली. आज सारे एका डबीत आले आहे, पण रिसीव्हर, संगणक आणि सॉफ्टवेअर या गोष्टी तीनच आहेत. निवडताना तिन्ही वेगवेगळ्या पारखाव्यात. "मोबाईल भारी आहे, म्हणजे मोजणी बरोबर" असे नसते.

(अ) साधा मोबाईल : घरात असतोच, वेगळा खर्च नाही. मोकळ्या आभाळाखाली तीन ते पाच मीटरपर्यंत जागा दाखवतो. २०१८ पासून दोन पट्ट्यांवर (एल-१ आणि एल-५) ऐकणारे मोबाईल निघाले. भिंतीवरून, पत्र्यावरून आदळून आलेला संदेश ओळखून बाजूला ठेवायला त्यांना सोपे जाते. नवा मोबाईल घ्यायचाच असेल तर दोन पट्टे आहेत का, हे विचारावे.

(आ) हातात धरायचे जीपीएस यंत्र : ट्रेकिंगवाले वापरतात ते. पडदा उन्हात स्वच्छ दिसतो, बटणे ओल्या हाताने दाबता येतात, काहींत साधे पेन्सिल सेल चालतात. दिवसभर रानात फिरणाऱ्या माणसाला सोयीचे. पण नोंदीचा फॉर्म भरणे, फोटो घेणे, माहिती कार्यालयात पाठवणे ही कामे त्यावर अवघड जातात.

(इ) मोबाईल आणि सुटा ब्लूटूथ रिसीव्हर : आयपॅकच्या काळातलीच पद्धत, पण आजही कामाची. रिसीव्हर काठीच्या टोकाला डोक्याच्या वर धरता येतो, त्याला आभाळ मोकळे मिळते. मोबाईल बदलला तरी रिसीव्हर तोच चालतो.

(ई) आरटीके रोव्हर : ठाऊक असलेल्या जागी बसवलेल्या स्थिर केंद्राकडून दुरुस्तीचा संदेश घेऊन हे यंत्र दोन-चार सेंटिमीटरपर्यंत जाते. भूमि अभिलेख खात्याच्या मोजणीत रोव्हर आले आहेत ते हेच. किंमत मोठी, दुरुस्तीचा संदेश मिळायला नेटवर्क लागते आणि माणूस शिकलेला लागतो. ऊसनोंदीला इतक्या बारकाईची गरज नाही. हद्दीचा वाद असेल तर मात्र याखेरीज भागत नाही, आणि तेही सरकारी मोजणीतून.

यंत्र घेताना आणखी तीन गोष्टी बघाव्यात. एक, आयपी-६७ अशी खूण : धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते, असा तिचा अर्थ. पाटाचे पाणी आणि चिखल असलेल्या ठिकाणी ही खूण उपयोगी पडते. दोन, बॅटरी : जीपीएस आणि पडदा दोन्ही सतत चालू राहिले की दुपारपर्यंत मोबाईल मान टाकतो, म्हणून पॉवर बँक बरोबर हवी. तीन, पडदा दुकानात बघू नये, दुकानाबाहेर उन्हात येऊन बघावा.

३) एक मीटरची किंमत

आता मुख्य मुद्दा. "तीन मीटरची चूक म्हणजे काय मोठी?" असे कुणी म्हणेल. गणित करून बघू.

यंत्राने सगळे बिंदू सारखेच तीन मीटर पूर्वेला सरकवले, तर प्लॉटची जागा सरकते, पण क्षेत्र बदलत नाही. प्रत्येक बिंदू थोडा आत, थोडा बाहेर असा डुलला, तरी पुष्कळशा चुका एकमेकींना खाऊन टाकतात. खरी चूक होते ती माणसाच्या पायाने. उसाच्या कडेने चालायचे सोडून तो बांधाच्या पलीकडून चालतो, तेव्हा चूक चारी बाजूंनी बाहेरच जाते आणि कुठेच वजा होत नाही. चारी बाजूंनी फक्त एक मीटर बाहेरून फेरी मारली तर काय होते ते पाहा :

— १०० मीटर × १०० मीटर, म्हणजे १ हेक्टरचा प्लॉट : यंत्र दाखवील १०२ × १०२ = १०४.०४ आर. वाढ ४ टक्के.

— ४० आरचा चौरस प्लॉट, बाजू सुमारे ६३.२५ मीटर : यंत्र दाखवील सुमारे ४२.५७ आर. वाढ ६.४ टक्के.

— ४० आरचाच पण लांबट पट्टा, २० मीटर × २०० मीटर : यंत्र दाखवील २२ × २०२ = ४४.४४ आर. वाढ ११ टक्के!

क्षेत्र तेच, पाऊल तेवढेच चुकले, पण लांबट पट्ट्यात चूक जवळजवळ दुप्पट झाली. भावाभावांत वाटण्या होऊन आपल्याकडे चिंचोळे पट्टे किती झाले आहेत, हे सांगायला नको. ४० आर म्हणजे जवळपास एक एकर. एकरी ४० टन धरले तर या पट्ट्यावर कागदोपत्री साडेचार टनांच्या आसपास नसलेला ऊस वाढला. एका गटात असे शंभर पट्टे असले तर साडेचारशे टन ऊस फक्त कागदावर. तोडणीचे वेळापत्रक कोलमडायला एवढे पुरे.

यातून नियम निघतो : बांधावरून नव्हे, सरीच्या शेवटच्या उसाला लागून चालावे. विहीर, पोटखराबा, झाडाखालचा मोकळा तुकडा मोठा असेल तर त्याची वेगळी फेरी घेऊन वजा करावा. फेरी एकाच वेळी पुरी करावी. अर्धी सकाळी आणि अर्धी दुसऱ्या दिवशी केली तर दोन्ही वेळची सरक वेगळी असते आणि वर सांगितलेला फायदा जातो.

प्लॉट सरळ बाजूंचा असेल तर नुसते चालण्यापेक्षा प्रत्येक कोपऱ्यावर पंधरा-वीस सेकंद थांबून बिंदू घ्यावा, मधल्या रेषा सॉफ्टवेअर जोडते. ओढ्याकाठचा वाकडातिकडा प्लॉट असेल तर सावकाश चालून फेरी घ्यावी.

वेळही महत्त्वाची. उपग्रहाचा संदेश जमिनीवर पोचतो तेव्हा फार क्षीण असतो. डोक्यावर गेलेला ऊस, त्यातही ओल्या पानांचा, तो अडवतो. म्हणून लागणीनंतर ऊस गुडघ्याएवढा असताना केलेली मोजणी चांगली. आडसालीची मोजणी पुढच्या पावसाळ्यात करू म्हटले तर यंत्राला आभाळच दिसत नाही. दाट आंब्याखाली, पत्र्याच्या गोठ्याजवळही हीच गत.

४) पडद्यावरच्या 'अचूकता ३ मीटर'चा अर्थ

बहुतेक मोबाईल हा आकडा दाखवतात. ती हमी नव्हे. अँड्रॉइड मोबाईलमध्ये त्याचा अर्थ असा, की खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के. म्हणजे तीन वेळांत साधारण एकदा ती वर्तुळाबाहेर असू शकते. मोजणी सुरू करण्यापूर्वी हा आकडा खाली येऊन स्थिर होईपर्यंत उभे राहावे.

किती वेळ? नेटवर्क असेल तर मोबाईल उपग्रहांचे वेळापत्रक इंटरनेटवरून पटकन घेतो. नेटवर्क नसेल तर ते उपग्रहाकडूनच ऐकावे लागते. एका उपग्रहाची स्वतःची माहिती ३० सेकंदांत एकदा फिरून येते, तर सगळ्या उपग्रहांची यादी पुरी व्हायला साडेबारा मिनिटे लागतात. बरेच दिवस बंद असलेले यंत्र रानात चालू केले आणि लगेच चालायला लागले, तर पहिले दोन कोपरे हमखास चुकतात. मोटरसायकल लावून चहा घ्यावा, तोवर यंत्र तयार होते.

५) सॉफ्टवेअर : मोजणीचे वेगळे, रस्त्याचे वेगळे

इथे पुष्कळांची गफलत होते. रस्ता दाखवणारे सॉफ्टवेअर आणि क्षेत्र मोजणारे सॉफ्टवेअर ही दोन वेगळी हत्यारे आहेत. खुरप्याने लाकूड फोडू नये.

रस्ता दाखवणारे ॲप गृहीत धरते की तुम्ही रस्त्यावरच आहात. म्हणून जागा थोडी बाजूला आली तरी ते ठिपका ओढून रस्त्यावर बसवते. गाडी चालवताना हे बरे, मोजणीला घातक. मोजणीचे ॲप निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये दाखवते का? काही ॲप एकर दाखवतात आणि लोक ४० गुंठे म्हणजे ४० आर धरून चालतात. एक एकर म्हणजे ४०.४७ आर. आपला गुंठा ३३ फूट × ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट किंवा १०१.१७ चौरस मीटर, आणि आर म्हणजे १०० चौरस मीटर. फरक थोडा आहे, पण आहे.

२. नेटवर्क नसताना पूर्ण काम करते का? नोंद मोबाईलमध्ये राहून गावात आल्यावर कार्यालयाकडे गेली पाहिजे.

३. चाललेली मूळ वाट जपून ठेवते का? नुसता क्षेत्राचा आकडा ठेवणारे ॲप नको. वाट असेल तर तक्रार आल्यावर कुठे चुकले ते सभासदासमोर दाखवता येते.

४. माहिती जीपीएक्स किंवा केएमएल अशा सर्वमान्य रूपात बाहेर काढता येते का? नाही तर उद्या ते ॲप बंद पडले की पाच वर्षांच्या नोंदी त्याच्याबरोबर गेल्या.

५. गट नंबर, जात, लागण तारीख, आडसाली-पूर्वहंगामी-सुरू-खोडवा हे मराठीत भरता येते का?

६. नोंद कुणी, केव्हा बदलली याची खूण राहते का? ही अट सभासदाच्या आणि कर्मचाऱ्याच्याही हिताची आहे.

उपग्रहाच्या छायाचित्रावर बोटाने हद्द ओढूनही क्षेत्र काढता येते. 'इस्रो'चे भुवन २००९ पासून अशी छायाचित्रे दाखवते. पण छायाचित्र जुने असू शकते आणि काही मीटर सरकलेलेही असू शकते. फेरीच्या मोजणीची पडताळणी म्हणून ते चांगले, फेरीऐवजी नको.

६) ट्रॅक्टर फडापर्यंत कसा पोचवायचा?

परगावचा ड्रायव्हर रात्री फड शोधत फिरतो, त्याचे डिझेल जळते आणि टोळी वाट बघत बसते. नोंदीतला बिंदू ड्रायव्हरच्या मोबाईलवर पाठवला तर हे टळू शकते. मात्र तीन सूचना.

पहिली : नकाशा मोबाईलमध्ये आधीच उतरवून ठेवता आला पाहिजे. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला नकाशा २००४ पासून वाढतो आहे. त्यावर चालणारी ऑसमँडसारखी ॲप बिननेटवर्कची चालतात. शिवाय आपल्या पाणंदी, कॅनॉलपट्टीचे रस्ते आपणच त्यात भरू शकतो.

दुसरी : ॲप रस्ता निवडते तो मोटारीसाठी. दोन ट्रॉल्या भरलेला ट्रॅक्टर त्या चारीवरच्या मोरीवरून जाईल का, ओढ्याच्या चढाला लागेल का, विजेची तार किती खाली आहे, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून नोंद घेतानाच दोन बिंदू घ्यावेत : एक प्लॉटचा, दुसरा भरलेले वाहन जिथून डांबरी रस्त्याला लागते त्या तोंडाचा.

तिसरी : बिंदू लिहिण्याची पद्धत एकच असावी. १७ अंश ३० मिनिटे म्हणजे दशांशात १७.५०. कुणी ते १७.३० लिहिले तर ड्रायव्हर सुमारे २२ किलोमीटर लांब जाईल. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल केली तर आपला फड थेट नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रात दिसेल! दशांशानंतर पाच आकडे लिहावेत. पाचव्या आकड्याची किंमत सुमारे १ मीटर, तिसऱ्याची सुमारे ११० मीटर. तीनच आकडे लिहिले तर बिंदू शेजारच्या फडात पडायचा.

७) घेण्यापूर्वीची परीक्षा

जाहिरातीवर जाऊ नये. एक सपाट, मोकळा प्लॉट फितीने नीट मोजून चार खुंट्या ठोकाव्यात. एक लांबट पट्टाही तसाच मोजावा. मग पसंतीची दोन-तीन यंत्रे घेऊन वेगवेगळ्या तीन दिवशी, वेगवेगळ्या वेळी प्रत्येकाने फेरी मारावी. आकडे कागदावर मांडावेत. ज्याचे तिन्ही आकडे एकमेकांजवळ आणि फितीच्या आकड्याजवळ आहेत ते यंत्र घ्यावे. एकदाच बरोबर आले ते नव्हे. ही परीक्षा माणसांचीही घ्यावी. एकच यंत्र दोघांच्या हातात देऊन बघा, फरक कुठून येतो ते लगेच उमगेल.

८) सभासदांच्या शंका

*सातबाऱ्यावर ८० आर आणि यंत्रावर ७१ आर. माझी नऊ आर जमीन गेली कुठं?*
कुठेही गेली नाही. सातबारा सगळ्या जमिनीचा असतो. त्यात बांध, विहीर, पोटखराबा सगळे आले. कारखान्याची नोंद उभ्या उसाची असते. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात.

*शेजाऱ्यानं बांध कोरलाय. या यंत्रानं सिद्ध होईल का?*
नाही. मोबाईलच्या चुकीचा आवाकाच कोरलेल्या बांधापेक्षा मोठा असतो. शिवाय हद्द ठरवण्याचा अधिकार भूमि अभिलेख खात्याच्या मोजणीला आहे. ॲपचा कागद घेऊन भांडायला जाऊ नये.

*मोजणीच्या वेळी मी हजर पाहिजे का?*
जरूर. फेरी कुठून मारली ते पाहावे, आकडा तिथेच विचारावा, लिहून घ्यावा. पटला नाही तर त्याच वेळी दुसरी फेरी मागावी. पाच-सात मिनिटांचे काम आहे. हंगामात तक्रार घेऊन गट कार्यालयात घातलेल्या चार फेऱ्यांपेक्षा ते स्वस्त पडते.

थोडक्यात : रिसीव्हर, संगणक आणि सॉफ्टवेअर वेगवेगळे पारखा. मोजणीचे ॲप रस्त्याला आणि रस्त्याचे ॲप मोजणीला वापरू नका. ऊस लहान असताना मोजा, थांबून मोजा, सरीच्या कडेने मोजा. चिंचोळ्या पट्ट्यात दुप्पट जपा. आणि मूळ वाट जपून ठेवा.

उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून आपले काम चोख करतात. बांधावरचे शेवटचे एक मीटर सांभाळणे आपल्याकडे आहे. येत्या लागणीच्या नोंदीला प्रत्येक सभासदाने आपल्या प्लॉटवर जातीने हजर राहावे, ही विनंती.

— शेतकी विभाग